लंडनचा जुना व्हिक्टोरियन पब : काय बघावं, काय खावं, कुठे बसावं

टेम्सतीरी

लंडनला येणारे आपले लोक टॉवर ब्रिज बघतात, बकिंगहॅम पॅलेस बघतात, लॉर्ड्सच्या पायऱ्यांवर फोटो काढतात आणि "आम्ही पीत नाही" म्हणून पबच्या दारावरून पुढे निघून जातात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. या शहरातली एकोणिसाव्या शतकातली सगळ्यात सुंदर लाकडी-काचेची कामं ज्या खोल्यांमध्ये आहेत त्यात शिरायला तिकीट लागत नाही, आणि आत जाऊन लिंबू-सोडा मागितला तरी कोणी भुवई उंचावत नाही. म्हणून हा धागा.

सुरुवात मी माझ्या आवडत्या पबने करतो. हाय होल्बर्न रस्त्यावरचा प्रिन्सेस लुईस. होल्बर्न ट्यूब स्टेशनपासून चालत दोन-तीन मिनिटं. इमारत १८७२ ची, आतली सजावट १८९१ ची. राणी व्हिक्टोरियाच्या चौथ्या मुलीचं नाव त्याला दिलंय. बाहेरून बघाल तर रस्त्यावरच्या इतर इमारतींत मिसळून गेलेला, पटकन लक्षातही येणार नाही. आत गेलात की अरुंद बोळ लागतो, दोन्ही बाजूंना रंगीत टाइल्स आणि सोनेरी वर्ख लावलेले उंचच उंच आरसे. बोळातून छोटी छोटी दारं आत उघडतात. प्रत्येक दारामागे एक कप्पा : महोगनीचं लाकूड, त्यात नक्षी कोरलेल्या काचा, चार-सहा माणसं बसतील एवढी जागा. हे सगळे कप्पे मधल्या एकाच बार काउंटरला लागून आहेत. काउंटर मधोमध, त्यात उभा असलेला माणूस फक्त वळून सगळ्या कप्प्यांना ग्लास देऊ शकतो. ही रचना बघायची असेल तर आधी एक फेरी मारा, प्रत्येक दार उघडून बघा आणि मग बसा.

एवढा थाट दारूच्या दुकानावर का केला असेल? त्याचं मूळ १८३० च्या आसपासच्या जिन पॅलेसमध्ये आहे. गॅसचे दिवे आले, मोठ्या काचा बनू लागल्या, आणि अंधाऱ्या गल्लीत राहणाऱ्या माणसाला झगमगाटाने आत ओढायचं हे दुकानदारांना उमगलं. १८४५ मध्ये काचेवरचा कर उठला आणि काच आवाक्यात आली. आरसे शोभेचे होतेच, पण गॅसच्या पिवळ्या उजेडाची दुप्पट-चौपट करण्याचं काम तेच करायचे. खिडक्यांच्या काचा मात्र मुद्दाम आम्लाने खरवडून अपारदर्शक करायचे, म्हणजे आत कोण बसलंय ते रस्त्यावरून दिसू नये. पुढे १८९० च्या दशकात ब्रुअरी कंपन्यांनी बाजारातून भांडवल उभं करून पब विकत घ्यायचा सपाटा लावला. किमती चढल्या, शेजारच्यापेक्षा आपला पब देखणा व्हावा म्हणून पैसा ओतला गेला. १८९९ च्या सुमारास हा फुगा फुटला. म्हणजे आज आपण जे बघायला जातो ते बरंचसं त्या दहा वर्षांतलं काम आहे. सुतार, काच कोरणारे, टाइल्सवाले, छताला उठावाची नक्षी चिकटवणारे, या सगळ्यांना एकाच वेळी इतकं काम नंतर कधी मिळालं नाही.

कप्प्यांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण माझ्या मते तिथेच या पबचा जीव आहे. मुळात हे कप्पे माणसं वेगळी ठेवायला बनवले. पब्लिक बारमध्ये मजूर : साधी जमीन, लाकडी बाक, स्वस्त भाव. सलून बारमध्ये कारकून-व्यापारी : गालिचा, गाद्या, आणि तीच बिअर थोडी महाग. काही ठिकाणी बायकांसाठी वेगळा कप्पा. एक खिडकी घरी जगमधून बिअर नेणाऱ्यांसाठी, तिथे बहुतेक वेळा पोरांनाच पाठवलं जायचं. आणि काउंटरवर डोळ्यांच्या उंचीला फिरत्या काचांची चौकट, तिला स्नॉब स्क्रीन म्हणतात. साहेबाला आपला चेहरा पलीकडच्या मजुराला दाखवायचा नसेल तर तो काच फिरवून लावायचा, आणि ग्लास खालच्या फटीतून घ्यायचा. अशा काचा बघायच्या असतील तर लॅम्ब्ज कॉन्ड्युइट स्ट्रीटवरचा द लॅम्ब प्रिन्सेस लुईसपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे.

विसाव्या शतकात बहुतेक पबांनी हे कप्पे काढून टाकले. परवाना देणाऱ्या न्यायाधीशांना कोपरे नको असायचे, सगळं एका नजरेत दिसायला हवं होतं. पुढे साठ-सत्तरच्या दशकांत मोठा हॉल करायची पद्धत आली. प्रिन्सेस लुईसचेही कप्पे गेले होते. २००७-०८ मध्ये सॅम्युअल स्मिथ या यॉर्कशरच्या ब्रुअरीने दुरुस्ती केली तेव्हा ते जुन्या पद्धतीने पुन्हा उभे केले. ही कंपनी टॅडकॅस्टर गावची, १७५८ पासूनची. तिच्या पबमध्ये संगीत नाही, टीव्ही नाही, आणि मोबाईलवर बोलायला बाहेर जावं लागतं. अनेकांना हे जाचक वाटतं. मला वाटतं की या एका नियमामुळे तिथे अजून माणसांच्या बोलण्याचा आवाज ऐकू येतो, आणि तोच आवाज या खोल्यांसाठी योग्य आहे.

जायची वेळ : कामाच्या दिवशी दुपारी तीन ते पाच. सहानंतर ऑफिसची गर्दी फुटपाथपर्यंत येते, मग काहीच बघता येत नाही.

इतरांनीही आपल्या शहरातल्या पबबद्दल लिहा.

कोथरूडची_मुक्ता

फार छान लिहिलंय दादा. मे महिन्यात आम्ही येतोय. मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाई शाकाहारी आणि अर्थातच काही घेत नाहीत, पण लाकडाचं जुनं काम त्यांना अतिशय आवडतं. वाड्यातल्या खांबांवरची नक्षी तासभर बघतात. त्यांना घेऊन गेले तर चालेल का? लहान मुलाला आत घेतात का? आणि ऑर्डर कशी द्यायची, वेटर येतो की आपण जायचं?

टेम्सतीरी

मुक्ताताई, सासूबाईंना नक्की न्या. मुलाचं असं आहे : मोठ्या माणसाबरोबर १६ वर्षांखालच्या मुलाने पबमध्ये यायला कायद्याची हरकत नाही, पण प्रत्येक पब आपला नियम ठरवतो. मध्य लंडनमधले काही छोटे पब मुलांना घेतच नाहीत, काही फक्त जेवणाच्या खोलीत आणि संध्याकाळी सात-आठपर्यंत घेतात. दारातच विचारायचं, त्यात संकोच नको. अठरा वर्षांखाली दारू विकत घेता येत नाही, आणि पंचविशीच्या आतले दिसत असाल तर ओळखपत्र मागतात. तुमच्याबरोबर कोणी तरुण भाचा-पुतण्या असेल तर पासपोर्ट जवळ असू द्या.

टेबलावर कोणी येत नाही. आपण काउंटरपाशी जायचं, पैसे तिथेच आणि लगेच द्यायचे. रांग दिसत नाही, पण असते. कोण आधी आलं हे काउंटरमागच्या माणसाच्या लक्षात असतं, आणि तुमच्यानंतर आलेल्याला चुकून विचारलं तर तो स्वतःच "यांचा नंबर आधी" म्हणून तुमच्याकडे हात करतो. हात हलवायचा नाही, नोटा नाचवायच्या नाहीत. नजरानजर पुरे. जेवण मागवायचं असेल तर टेबलाचा नंबर बघून जा. तो टेबलाच्या कोपऱ्यावर चिकटवलेला असतो. जेवण टेबलावर येतं, पेयं आपणच उचलून न्यायची. टिप द्यायची पद्धत नाही.

न पिणाऱ्यांसाठी लाईम अँड सोडा, जिंजर बिअर (नावात बिअर असली तरी पबमध्ये मिळते ती बहुतेक वेळा दारू नसलेली असते, तरी विचारून घ्या), फळांचे रस. चहा-कॉफी काही पबमध्ये मिळते.

लीड्सवाला

शाकाहारी मंडळींसाठी काही गोष्टी सांगायलाच हव्यात, कारण मेन्यूवर त्या प्रत्येक वेळी स्पष्ट लिहिलेल्या नसतात.

१. हातपंपाने ओढून देतात ती कास्क एल, म्हणजे पिंपातली पारंपरिक बिअर, पिंपातच शेवटची आंबते. तिच्यातलं यीस्ट तळाशी बसावं म्हणून आयसिंग्लास घालतात. ते माशाच्या हवेच्या पिशवीपासून बनतं. ते गाळाबरोबर खाली बसतं, ग्लासात जवळजवळ येत नाही, पण कट्टर शाकाहारी माणसाला हे आधी माहीत असायला हवं. गिनेसने गेल्या दशकात त्याचा वापर बंद केला. सॅम्युअल स्मिथच्या बाटलीबंद बिअर बहुतेक सगळ्या व्हीगन आहेत. कास्क एल घ्यायची असेल तर "ही व्हीगन आहे का" असं विचारा, त्यांना हा प्रश्न नवा नाही.

२. आमच्याकडे यॉर्कशरमध्ये बऱ्याच ठिकाणी चिप्स बीफच्या चरबीत तळतात, आणि तेच चविष्ट म्हणून अभिमानाने सांगतात. लंडनमध्ये सहसा वनस्पती तेल असतं. तरी विचारा. नुसत्या चिप्स मागवल्या म्हणजे शाकाहारी झालं असं इथे धरता येत नाही.

३. स्टेक अँड किडनी पुडिंगच्या आवरणात सूएट, म्हणजे बैलाच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी असते. यॉर्कशर पुडिंगमध्ये अंडं असतंच, आणि ते भाजायला अनेक घरी-पबमध्ये बीफची चरबी वापरतात.

मग खायचं काय? चीज अँड ओनियन पाय, मशरूमची पाय, मॅकरोनी चीज, भाजलेला जॅकेट बटाटा, आणि प्लाउमन्स लंच. शेवटच्यात चेडरचा जाड तुकडा, पाव, लोणी, व्हिनेगरमधला कांदा आणि गडद रंगाचं आंबटगोड पिकल. शेतकऱ्याचं पिढ्यान्‌पिढ्यांचं जेवण अशी त्याची जाहिरात असली तरी या नावाने ते पबमध्ये रुळलं ते १९५० च्या दशकात, चीजवाल्यांनी खप वाढवायला हात घातल्यावर. चव मात्र उत्तम. मासे खाणाऱ्यांना फिश अँड चिप्स आहेच. हॅडॉक मिळत असेल तर कॉडपेक्षा तोच घ्या, माझं स्पष्ट मत.

वर्धाकाठ

होल्बर्नचं नाव वाचून एक सुचवतो. बाबासाहेब आंबेडकर शिकले ती लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स होल्बर्न स्टेशनपासून दक्षिणेला चालत दहा मिनिटांवर आहे, तिथे त्यांचा अर्धपुतळा आहे. ज्या ग्रेज इनमधून ते बॅरिस्टर झाले ती संस्था त्याच हाय होल्बर्न रस्त्याने पूर्वेला गेलं की लागते. उत्तरेला ब्रिटिश म्युझियम. आम्ही सकाळी ग्रेज इन, मग एलएसई, दुपारी म्युझियम असं केलं होतं. वाचनालयात दिवसचे दिवस काढणाऱ्या त्या तरुणाचा हा सगळा परिसर पायी फिरलात तरच कळतो. दुपारी बसायला जागा हवी असते, तेव्हा हा पब सोयीचा पडेल. प्रिमरोझ हिलचं १०, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये घेतलं, तिथे मात्र ट्यूबने जावं लागेल.

जुनंगिरगाव

वाचनखूण साठवली. यादीत ब्लॅकफ्रायर्स पुलाजवळचा द ब्लॅकफ्रायर घ्याच. संगमरवर, तांब्याचे उठावाचे साधू, कमानीखालची ती छोटी खोली. मी बघितलेल्यात सगळ्यात भारी व्हिक्टोरियन पब.

आणि एक वाटलं. आरसे, संगमरवरी टेबलं, भिंतीवर नियमांची पाटी, आणि एका चहावर तासभर बसलात तरी न उठवणारा मालक. आमच्या धोबीतलावच्या इराण्याकडे हेच होतं. ते एकेक बंद होताना बघितलेत, म्हणून असं काही टिकलेलं दिसलं की आनंद होतो.

टेम्सतीरी

ब्लॅकफ्रायर भारीच आहे, पण व्हिक्टोरियन नाही. इमारत १८७५ च्या सुमाराची असली तरी आतलं सगळं काम १९०५ नंतरचं, म्हणजे राणी गेल्यावरचं, आणि शैलीही वेगळी. तिथे तांबं, दगड आणि कथाचित्रं आहेत. इथे काच, आरसा आणि कप्पे. साठच्या दशकात तो पाडायला निघाले होते. कवी जॉन बेट्जमन आणि इतरांनी आवाज उठवला म्हणून वाचला. बघाच, पण वेगळ्या दिवशी, नाहीतर दोन्हींची सरमिसळ होते.

लगानकाठी

बेलफास्टमधून लिहितेय. आमच्या क्राउन लिकर सलूनचं नाव अजून कोणी कसं घेतलं नाही! ग्रेट व्हिक्टोरिया स्ट्रीटवर, युरोपा हॉटेलच्या समोर. आत दारं असलेले दहा स्नग आहेत. स्नग म्हणजे तुमच्या धाग्यातला कप्पाच, पण पूर्ण बंद. आत बसायचं, दार लावायचं, आणि काही हवं असेल तर घंटी दाबायची. काडेपेटीची काडी ओढायला लावलेल्या धातूच्या पट्ट्या अजून जागेवर आहेत, दिवे अजून गॅसचे आहेत. १८८५ मध्ये पॅट्रिक फ्लॅनगनने हे काम करून घेतलं. तेव्हा शहरात नवीन चर्च बांधायला आलेले इटालियन कारागीर संध्याकाळी याचं काम करायचे असं इथे सांगतात, आणि खांब-छत बघून ते पटतं.

दारात जमिनीवर मोझेकचा मुकुट आहे. इथे सांगतात ती गोष्ट अशी : बायकोला पबचं नाव 'क्राउन' हवं होतं, नवरा आयरिश राष्ट्रवादी. त्याने नाव मान्य केलं आणि मुकुट जमिनीवर काढला, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाखाली. खरी-खोटी कोण जाणे, पण या शहरात सगळ्या बाजूंचे लोक ती गोष्ट सांगतात.

समोरच्या युरोपावर इतके बॉम्ब झाले की दर वेळी क्राउनच्या काचा फुटायच्या आणि पुन्हा बसवल्या जायच्या. १९७८ पासून तो नॅशनल ट्रस्टच्या मालकीचा आहे. एक पब वारसा म्हणून ट्रस्टने घ्यावा आणि तरीही तो पब म्हणूनच चालू ठेवावा, हे मला फार मोठं वाटतं. स्नग हवा असेल तर सकाळी उघडल्या उघडल्या जा.

सँडवेलकर

धागा सुंदर आहे, पण एक गोष्ट मनाला लागली म्हणून लिहितो. त्या कप्प्यांचं एवढं कौतुक करावं का? ते माणसाला माणसापासून वेगळं बसवायला बनवले होते, हे तुम्हीच लिहिलंय. मी राहतो त्या वेस्ट मिडलंड्समध्ये ती भिंत नुसत्या वर्गाची नव्हती. ओतशाळांमध्ये काम करणाऱ्या पंजाबी माणसांना पन्नास-साठच्या दशकांत कित्येक पब सलूनमध्ये, स्मोक रूममध्ये बसू देत नसत. आलात तर पब्लिक बारमध्ये बसा, किंवा येऊच नका. इंडियन वर्कर्स असोसिएशनने याविरुद्ध चिकाटीने लढा दिला. फेब्रुवारी १९६५ मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स आमच्याच भागातल्या स्मेदिकला येऊन गेले ते अशाच वर्णभेदामुळे. त्याच वर्षी रेस रिलेशन्स ॲक्ट आला आणि पब-हॉटेलसारख्या सार्वजनिक जागांत रंगावरून नकार देणं बेकायदा झालं.

पुढे याच भागात आपल्या लोकांनी बंद पडत आलेले पब स्वतः चालवायला घेतले. आज त्यांना देसी पब म्हणतात. बाहेर जुनी पाटी, काही ठिकाणी आत जुन्या काचा आणि लाकडी काउंटर तसेच, आणि स्वयंपाकघरात तंदूर. निखाऱ्यावरून थेट लोखंडी तव्यावर येणारा मिक्स्ड ग्रिल आणि पाइंट, हे बर्मिंगहॅम-वेस्ट ब्रॉमिचचं खरं पबजेवण आहे. व्हिक्टोरियन पब बघायला येणाऱ्याने हेही बघावं.

टेम्सतीरी

सँडवेलकर, तुमचा प्रतिसाद या धाग्यात हवाच होता. कप्पे कशासाठी बनले हे विसरून नुसती नक्षी बघणं मलाही मान्य नाही. तरीही ते पुन्हा उभारले ते बरं झालं असं मला वाटतं, आणि त्याचं कारण आजचा वापर. आज त्या दारांवर कोणाचा हक्क नाही. महोगनीच्या ज्या कोपऱ्यात १८९१ मध्ये वकील बसला असेल तिथे आज बांधकामावरचा पोलिश मजूर बसतो, शेजारच्या कप्प्यात नायजेरियन नर्स वाढदिवस करतात, पलीकडे एकटी म्हातारी बाई पुस्तक वाचत असते. भाव सगळ्या कप्प्यांना एकच. मोठ्या हॉलमध्ये त्या बाईला एकटं बसायला अवघडलं असतं. वेगळं पाडायला बांधलेली लाकडी भिंत आज आडोसा देते. आणि ती भिंत डोळ्यांसमोर असली तरच "इथे कोणाला बसू देत नव्हते" हा प्रश्न आपला मुलगा विचारेल. हॉलमध्ये तो विचारायचं कारणच राहत नाही.

देसी पबचं पूर्ण पटलं. वेगळा धागा काढा, मी वाट बघतोय.

मर्सीपार

लिव्हरपूलचं थोडक्यात. होप स्ट्रीटवरचा फिलहार्मॉनिक डायनिंग रूम्स, १८९८ ते १९०० मध्ये बांधलेला, ब्रुअर रॉबर्ट केनसाठी. २०२० मध्ये त्याला ग्रेड वन दर्जा मिळाला, म्हणजे इमारतींच्या संरक्षणातला सगळ्यात वरचा. लोखंडी फाटक, रंगीत काच, तांब्याचे पत्रे. पुरुषांच्या स्वच्छतागृहातलं गुलाबी संगमरवराचं काम इतकं प्रसिद्ध आहे की बायकाही परवानगी विचारून बघून येतात. रस्त्यापलीकडे फिलहार्मॉनिक हॉल. मैफल ऐका आणि मग इथे या.

एडिंबराला जाणाऱ्यांनी कॅफे रॉयल चुकवू नये. भिंतीवर डॉल्टनच्या टाइल्सची मोठी चित्रं, वॅट, फॅरडे अशा शोधकांची.

कोथरूडची_मुक्ता

सगळ्यांचे मनापासून आभार, सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी मुकुटाची गोष्ट दोनदा वाचायला लावली. अजून एक विचारते. नवऱ्याचे तिथले मित्र भेटणार आहेत. बिल कसं वाटून घ्यायचं? आमच्या ग्रुपमध्ये टीटीएमएमच असतं.

लीड्सवाला

पबमध्ये टीटीएमएम चालत नाही, राउंड चालतो. एकाने सगळ्यांसाठी आणायचं, पुढच्या वेळी दुसऱ्याने. आपला राउंड न देता निघून जाणं फार वाईट दिसतं, लोक वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. मंडळी जास्त असतील आणि कमी घ्यायचं असेल तर सुरुवातीलाच "मी माझं बघतो" म्हटलेलं चालतं. नवरा पाइंट घेणार असेल तर ५६८ मिलीलिटर असतं हे लक्षात घ्या. अर्धा पाइंट मागायला कोणी हसत नाही. बिटर ही इथली कडवट बिअर घेऊन बघू दे, साडेतीन-चार टक्के अल्कोहोलची असते. "कोमट बिअर" अशी तक्रार आपले लोक करतात, पण ती तळघरातून ११ ते १३ अंशांवर येते आणि तेवढ्यावरच तिची चव उघडते. आणायच्या आधी चाखायला मागितलं तर घोटभर फुकट देतात.

टेम्सतीरी

मुक्ताताई, शेवटचं एक. प्रिन्सेस लुईसमध्ये स्वच्छतागृह तळघरात आहे आणि जिना उतरावा लागतो. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर म्युझियममध्येच जाऊन या. जेवायचं असेल तर दुपारी दोनच्या आत पोचा. बऱ्याच पबमध्ये स्वयंपाकघर दुपारनंतर बंद होतं आणि संध्याकाळी पुन्हा उघडलं तरी नऊच्या सुमारास आवरतं. रविवारी रोस्ट असतं, त्याला आधी टेबल सांगून ठेवावं लागतं. शाकाहारी रोस्ट मागितलात तरी ग्रेव्ही वेगळी आहे का ते विचारा, बहुतेक वेळा तिथेच घोटाळा असतो. मुलाचं दारात विचारून घ्या. नाही म्हणाले तर जवळ लिंकन्स इन फील्ड्सच्या कडेला सर जॉन सोन म्युझियम आहे, फुकट आहे. नवरा त्याला तिथे घेऊन जाऊ दे, तुम्ही दोघी कप्प्यात बसा.